झाडं लावून हे देणं फिटत नाही

औद्योगिक संघटनांच्या व्यासपीठांवर गेली काही वर्षं एक युक्तिवाद जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो. कारखान्याचं काम माल काढणं, रोजगार देणं, कर भरणं. निसर्ग सांभाळायला वनखातं आहे, प्रदूषणावर लक्ष ठेवायला नियंत्रण मंडळ आहे. तरीही आम्ही कायद्याप्रमाणे नफ्यातले दोन टक्के देतो, दर पावसाळ्यात हजारो झाडं लावतो, सांडपाणी ठरलेल्या मर्यादेत आणूनच सोडतो. आता जैवविविधतेचं ओझंही डोक्यावर ठेवणार असाल, तर उद्योग शेजारच्या राज्यात जातील.

हे बोलणाऱ्यांपैकी बरेच जण प्रामाणिक आहेत. त्यांनी खरोखर झाडं लावली आहेत, गावांना पाण्याच्या टाक्या बांधून दिल्या आहेत. म्हणूनच त्यांना उडवून न लावता उत्तर द्यायला हवं. कारखाना निसर्गाला भिडतो तो चार ठिकाणी: ज्या जमिनीवर तो उभा आहे तिथे, सांडपाणी जिथे सोडतो तिथे, कच्चा माल जिथून येतो तिथे, आणि त्याच्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या गाळ्यांत. जैवविविधतेसाठी काही करायचं तर याच चार ठिकाणी करावं लागतं. ही ठिकाणं टाळून लांबच्या एखाद्या टेकडीवर केलेलं काम इथलं नुकसान भरून काढत नाही, मग ते कितीही मनापासून केलेलं असो.

झाडांचंच आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त उत्साह तिथे खर्च होतो. जूनचा पहिला आठवडा. कंपनीच्या बसमधून कर्मचारी येतात. जेसीबीने खड्डे आधीच घेतलेले असतात, प्रत्येक खड्ड्यापाशी काळ्या पिशवीतलं रोप ठेवलेलं असतं. रोपं रोपवाटिकेत सहज मिळणारी आणि भराभर वाढणारी: गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ. पहिली दोन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, गुलमोहर मादागास्करचा, चौथी ऑस्ट्रेलियाकडची. आणि जागा निवडलेली असते ती बहुतेकदा गवताची, कारण सरकारी दप्तरात ती पडीक असते आणि शहरातून आलेल्या डोळ्यांना रिकामी दिसते.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातला माळ रिकामा नसतो. कमी पावसाच्या या मुलखात गवत हीच मूळची संपत्ती आहे. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं, मधूनमधून खुरटी बोर-बाभूळ, आणि त्या मोकळेपणावरच जगणारे जीव: लांडगा, खोकड, चिंकारा, माळटिटवी, धाविक, चंडोल. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवर दिसणं हेच त्याचं संरक्षण. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीला जागा मिळते, घरटी हेरली जातात. खड्ड्यांसाठी उखडलेलं बारमाही गवत परत यायला वर्षं लागतात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्याची कारणं अनेक आहेत, पण माळावर झाडं लावण्याची हौस हे त्यांतलं एक, आणि ती चूक सरकारी यंत्रणेनेही केली. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं तेव्हा कंपन्याही त्यात उतरल्या. त्या जागी आधी काय जगत होतं, हा प्रश्न त्या आकड्याच्या घाईत फार थोड्यांनी विचारला.

जेजुरी, कुरकुंभ, सुपे या औद्योगिक वसाहती अशाच माळांच्या सोबतीला आहेत. तिथल्या कंपन्यांना माळासाठी काही करायचं असेल, तर गवतावर झाड न लावणं ही पहिली मदत. त्यानंतर गायरानातलं गवत बी धरेपर्यंत राखायला गावाला हात द्यावा: राखणदाराचा पगार, उन्हाळ्याआधी जाळरेषा, आणि लांडग्याने मेंढी मारली तर धनगराला त्याच आठवड्यात भरपाई. सरकारी भरपाई असते, पण पंचनामा आणि कागदपत्रांच्या फेऱ्यांत ती उशिरा हाती पडते, आणि पोटावर पाय आलेल्या माणसाने एकदा मेलेल्या मेंढीवर विष टाकलं की लांडग्यांचं सगळं कुटुंब जातं. ही मदत छायाचित्रात दाखवता येत नाही. पण लांडगा माळावर टिकतो तो याच मदतीने.

आता सांडपाण्याच्या मर्यादेचं बोलू. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशी: बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी (रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) २५०. पाइपच्या तोंडाशी नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत आकडा बसला की झालं. पण हे आकडे धरताना पुढे नदीत पुरेसं पाणी असेल आणि त्यात सांडपाणी विरघळून जाईल, असं गृहीत धरलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कितीतरी नद्यांत सांडपाण्याखेरीज दुसरं पाणीच नसतं. शिवाय मर्यादा प्रत्येक कारखान्याची वेगळी मोजली जाते आणि नदी सगळ्यांची बेरीज सोसते.

लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीखालची दाभोळ खाडी पाहावी. खाडी म्हणजे एका दिशेने वाहून जाणारी नदी नव्हे. ओहोटीला जे खाली जातं ते भरतीला पुन्हा वर येतं, आणि तेच पाणी काठच्या गावांसमोर दिवसातून दोनदा येरझारा घालतं. जड धातू आणि न विघटणारी रसायनं पाण्यापेक्षा गाळात जास्त साठतात, आणि तिसऱ्या, चिंबोऱ्या गाळातच वाढतात. म्हणजे ज्या दिवशी पाण्याचा नमुना स्वच्छ निघतो, त्याही दिवशी खाडीच्या तळाशी मागच्या अनेक वर्षांचा साठा असतो. भोई, खारवी, दालदी अशा समाजांची शेकडो घरं या पाण्यावर जगत आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात लोट्याच्या प्रदूषणाची सविस्तर दखल आहे. गाडगीळांनी या परिसराचा मांडलेला हिशेब कोकणात आजही सांगितला जातो: कारखान्यांनी सुमारे ११ हजार लोकांना रोजगार दिला, आणि खाडी बिघडल्याने सुमारे २० हजार मच्छीमारांचा रोजगार गेला. रोजगार की निसर्ग, असा पेच टाकणाऱ्यांनी या हिशेबाला उत्तर द्यावं. खाडीतली बोय आणि शेंगाळे हाही रोजगारच होता. त्याची नोंद कुठल्या हजेरीपटावर नव्हती, इतकंच.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली आणि देशभर बातम्या झाल्या. कुत्र्यांच्या अंगावर रंग चढला म्हणून तो लोकांना दिसला. शेजारच्या कासाडी नदीत जे जीव मेले, त्यांची छायाचित्रं कुणी काढली नाहीत.

म्हणून पाण्याच्या बाबतीत मी कंपन्यांकडे मागतो ते असं. पाइपच्या तोंडाचा आकडा ठेवा, तो कायद्याने लागतोच. त्याच्या जोडीला पाइपच्या वर आणि खाली काय जगतंय तेही वर्षभर, चारी ऋतूंत मोजा: चतुरांच्या अळ्या, गोगलगायी, मासे, खेकडे. चतुराची अळी महिनोन्‌महिने त्याच पाण्यात काढते, त्यामुळे मंगळवारी रात्री गुपचूप सोडलेलं पाणी बुधवारच्या नमुन्यात सापडलं नाही तरी तिच्या नसण्यातून कळतं. हे मोजण्याचं काम पगार देऊन मच्छीमारांकडेच द्या. कुठल्या महिन्यात कुठल्या कोंडीत कोणता मासा यायला हवा, हे त्यांच्याइतकं कोणत्याही सल्लागाराला ठाऊक नाही. आणि निकाल मराठीत, धक्क्यावरच्या फळ्यावर लिहा.

दोन टक्क्यांचा आधार घेणाऱ्यांनी तो कायदा नीट वाचलेला नसतो, असं मला वाटतं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ५०० कोटींची निव्वळ मत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. खर्चाच्या यादीत पर्यावरण आणि वन्यजीव आहेत. पण नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेलं काम या खर्चात धरता येत नाही, हेही नियमांतच आहे. म्हणजे स्वतःचं सांडपाणी स्वच्छ करणं ही कायद्याच्या दृष्टीनेही समाजसेवा नाही, ते कर्तव्य आहे. हे दोन हिशेब कायद्यानेच वेगळे ठेवलेत, तर व्यासपीठावरून बोलताना ते एकत्र कसे करता येतील?

या दोन टक्क्यांची आणखी एक अडचण आहे. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मुदत मिळते. तीन वर्षांत इमारत उभी राहते. गवताळ माळ, खाडीचा गाळ, धनेशाची वीण या गोष्टी तीन वर्षांत सावरत नाहीत. कंपनीला अशा कामात खरंच टिकून राहायचं असेल तर मुदत संपल्यावर स्वतःच्या नफ्यातून पुढे चालवायची तयारी पहिल्याच दिवशी ठेवावी लागते. आणि शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जो जबाबदारी अहवाल सक्तीचा केला, त्यात संवेदनशील क्षेत्रातल्या जैवविविधतेवर काय परिणाम झाला हा प्रश्न आहे, पण तो ऐच्छिक गटात. ऐच्छिक प्रश्नाचं उत्तर न देणाऱ्या कंपनीने झाडांचा आकडा मात्र ठळक छापावा, हे मला मान्य नाही.

सद्हेतू पुरेसा असतो असं मानणाऱ्यांसाठी महासीरची गोष्ट सांगतो. लोणावळ्याच्या वळवण धरणाशेजारी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महासीरची पैदास केली. दख्खनच्या नद्यांतला हा मासा, धरणांमुळे आणि बेबंद मासेमारीमुळे घटत चाललेला. काम मेहनतीचं होतं, त्यामागची तळमळ खरी होती, आणि या माशाची स्थिती आज बरी मानली जाते. पण त्याची पिल्लं देशात अनेक ठिकाणी सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. पुढे हौशी गळवाल्यांच्या जुन्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचा मासा वाढत गेला आणि कावेरीचा मूळ मासा जवळपास दिसेनासा झाला हे समोर आलं. २०१८ मध्ये त्या मूळ माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका नदीतलं संवर्धन दुसऱ्या नदीत आक्रमण ठरलं. काम त्या-त्या ठिकाणचंच हवं असं मी म्हणतो ते यासाठी.

याउलट महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकरी देवीचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या महासीर राखतात. कुणी मारत नाही, कुणी बाहेरचा मासा आणून सोडत नाही. सावित्री नदीच्या त्याच खोऱ्यात खाली महाडची रासायनिक वसाहत आहे. तिथल्या कंपन्यांना महासीर वाचवायचा तर नवीन हॅचरी लागत नाही. वरच्या डोहातला मासा खाली उतरला तर जगेल एवढं स्वच्छ पाणी त्यांनी खाली ठेवावं.

आता माझ्याच बाजूच्या काही मित्रांशी दोन शब्द. कंपन्या जे करतात ते सगळंच ढोंग, असं म्हणून ते मोकळे होतात. हेही खरं नाही, आणि यामुळे चांगलं काम करणाऱ्याला वाईट काम करणाऱ्यापासून वेगळं काढताच येत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी देवमुशी म्हणजे व्हेल शार्क यकृतातल्या तेलासाठी मारले जात, होड्यांना ते तेल लावत. २००१ मध्ये त्यांना कायद्याने संरक्षण मिळालं. मिठापूरला सोडा ॲश बनवणाऱ्या टाटा केमिकल्सने २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनखात्याबरोबर मच्छीमारांमध्ये काम सुरू केलं. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं, ते खारवा समाजाला भिडलं. जाळ्यात सापडलेला मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं, त्या जाळ्याची भरपाई वनखात्याने दिली. आजवर शेकडो मासे मच्छीमारांनी स्वतःच्या हातांनी समुद्रात परत सोडलेत. कारखान्याच्या सांडपाण्याचा जाब यामुळे माफ होत नाही, तो वेगळा विचारायचाच. पण कंपनी एका किनाऱ्याशी, एका जीवाशी आणि त्याच्यावर पोट असलेल्या माणसांशी दोन दशकं बांधून घेते, तेव्हा काय होतं ते इथे दिसतं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. कोकणात जंगल बहुतांश खासगी मालकीचं आहे. मालकाला पैशांची निकड लागली की तो ठेकेदाराला सगळं रान उभ्याने विकतो आणि लाकूड ट्रकांत भरून वखारींना, वीटभट्ट्यांना, कारखान्यांच्या बॉयलरना जातं. दगडी कोळसा बंद करून लाकडावर बॉयलर चालवणाऱ्या कंपनीने, हे लाकूड कुणाच्या रानातलं, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय आपल्या इंधनाला हरित म्हणू नये. अशा रानांत बेहड्याची जुनी उंच झाडं असतात. वय झालं की त्यांच्या खोडाला मोठ्या ढोली पडतात. महाधनेशाला तशीच ढोली लागते: मादी आत बसून दार लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत नर त्या चिरेतून फळं भरवतो. पन्नास-शंभर वर्षांचं झाड गेलं तर नवं रोप लावून ती ढोली मिळत नाही.

संगमेश्वर आणि भीमाशंकर परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने वेगळी वाट काढली. ब्रिस्टलची पक्का हर्ब्ज ही हर्बल चहा बनवणारी कंपनी बेहडा आणि हिरडा विकत घेऊ लागली. फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्राच्या अटींवर गोळा करायची: झाड आणि फांद्या तोडायच्या नाहीत, फळांचा काही वाटा रानातल्या जिवांसाठी झाडाखाली सोडायचा, घरट्याची झाडं जपायची. त्या बदल्यात गोळा करणाऱ्यांना बाजारापेक्षा चांगला दर. उभ्या बेहड्याचं दरवर्षी उत्पन्न येऊ लागलं की मालक तो ठेकेदाराला द्यायला कचरतो. यातली कंपनी धर्मादाय करत नाही, तिला फळं हवी आहेत. आयुर्वेदिक औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणारे किती देशी कारखाने आपली फळं, मुळं, साली कुठल्या तालुक्यातून येतात हे सांगू शकतील? कर्करोगावरच्या औषधासाठी नरक्याची झाडं सह्याद्रीत चोरून तोडली गेली, त्याची वाहतूक पकडली गेली, हे आपण पाहिलं आहे. जंगल कायम राहावं असं वाटणारा कारखानदार खरेदीच्या कागदावर गावाचं नाव मागेल.

जमिनीबाबत विक्रोळीकडे पाहावं. गोदरेज यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत तिथे जमीन घेतली, आणि मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यावरही ठाणे खाडीलगतची कांदळवनं राखली. १९८५ मध्ये तिथे त्यांच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू झालं. यात काही नवीन उभारलं गेलं नाही, होतं ते ठेवलं गेलं. हरितपट्ट्याची अट पाळताना बहुतेक कंपन्या नेमकं उलटं करतात. भूखंड सपाट करतात, ओढा सिमेंटच्या गटारात घालतात, मग परदेशी गवताची हिरवळ अंथरतात आणि तिला टँकरने पाणी देतात. भूखंडाचा एक तुकडा बुलडोझर न लावता तसाच ठेवायला, ओढ्याचा काठ मोकळा सोडायला, रात्रीचे दिवे कुंपणाबाहेर न पाडायला फारसा पैसा लागत नाही.

कोकणच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, तर हे फार निकडीचं आहे. मे महिन्यात तिथे काळा कातळ आणि करपलेलं गवत दिसतं. पाऊस पडला की खळग्यांत पाणी साचतं, बेडूक अंडी घालतात, दीपकाडी फुलते, मागोमाग गेंद आणि सीतेची आसवं सगळा सडा व्यापतात. यांतल्या काही वनस्पती या सड्यांखेरीज जगात इतरत्र नाहीत. पर्यावरण मंजुरीसाठीची मूळ माहिती मात्र बहुधा पावसाळा वगळून एकाच ऋतूत गोळा होते. कागदावर सडा मृत ठरतो. सड्यावर येऊ पाहणाऱ्या कोणत्याही कंपनीने जुलै ते सप्टेंबरची पाहणी, गावातल्या माणसांना सोबत घेऊन, स्वखुशीने करावी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंदवही आधी वाचावी. ती घाईत भरलेली असेल, बऱ्याच ठिकाणी तशीच आहे, तर नीट भरून घ्यायला मदत करावी.

उरला खर्चाचा आणि शेजारच्या राज्याचा मुद्दा. जैवविविधता कायदा, पाणी कायदा, कंपनी कायदा केंद्राचे आहेत, सीमा ओलांडून ते सुटत नाहीत. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल तर कारखाना बंद, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेशही सगळ्या देशाला आहे. छोट्या कारखानदाराला परवडत नाही हे मात्र खरं आहे, आणि ते मी मान्य करतो. मोठ्या कंपन्यांची जबाबदारी वाढते ती इथेच. चाकणच्या वाहनाला लागणाऱ्या भागाचं प्लेटिंग भोसरीच्या एखाद्या गाळ्यात होतं. कंपनीचा माणूस तिथे ऑडिटला येतो, थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतो, तारखेला माल मिळाला नाही तर दंड लावतो. त्याच फेरीत त्याने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: महिन्याला पाणी किती लागलं, क्रोमियमचा गाळ कुठे गेला, आणि रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाची पावती आहे का. पावती नसेल तर सामायिक शुद्धीकरणाच्या खर्चात कंपनीने वाटा उचलावा, पुढच्या ऑर्डरचा दर तेवढा वाढवून द्यावा, आणि तरीही गाळ नाल्यात गेला तर ऑर्डर थांबवावी. नियंत्रण मंडळाच्या नोटिशीला वर्ष-वर्ष उत्तर न देणारा गाळेमालक थांबलेल्या ऑर्डरला त्याच दिवशी उत्तर देतो.